विश्वेश्वरय्या आणि धरणाखालची माणसे

दरवर्षी १५ सप्टेंबर रोजी भारतात अभियंता दिन पाळला जातो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी बंगळूरपासून पुण्यापर्यंत अनेक महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, आणि मग बहुधा एक गोष्ट सांगितली जाते. सरकारी दौऱ्यावर असताना विश्वेश्वरय्या दोन मेणबत्त्या जवळ बाळगीत. सरकारी कागद वाचताना सरकारी मेणबत्ती लावीत, आणि घरचे पत्र लिहावयाचे झाले म्हणजे ती विझवून स्वतःच्या पैशाची पेटवीत. चाणक्याच्या दिव्याविषयीही अशीच कथा प्रचलित आहे. ही कथा खरी असो वा नसो, विश्वेश्वरय्यांच्या करारी स्वभावाला ती शोभून दिसते ह्यात शंका नाही.

परंतु ह्या कथेने एक मोठा प्रश्न नकळत लहान करून टाकला आहे. सरकारी मेणबत्ती खासगी कामाला न वापरणे हे खजिनदाराचे कर्तव्य आहे, कारकुनाचे आहे, तहसीलदाराचेही आहे. इंजिनिअरचे म्हणून जे खास कर्तव्य, त्याचा उलगडा तिच्यातून होत नाही. वैद्यापुढे रोगी बसलेला असतो, वकिलापुढे अशील. इंजिनिअरचे अशील कोण? करारनाम्यावर सही करणारे सरकार, नगरपालिका किंवा कंपनी, असे उत्तर कोणीही देईल. पण धरणाच्या भिंतीखाली पाच कोसांवर ज्याचे घर आहे, पुलावरून ज्याची बैलगाडी जावयाची आहे, त्याचे नाव त्या करारनाम्यात कोठेच नसते. त्याला नकाशा वाचता येत नाही, आणि तो त्याला कोणी दाखवीतही नाही. इंजिनिअरला माहीत असेल ते आपल्या हितासाठी वापरले जाईल, एवढ्या विश्वासावर तो रात्री झोपतो. विश्वेश्वरय्यांच्या दीर्घ आयुष्याकडे ह्या माणसाच्या बाजूने पाहिले म्हणजे मेणबत्तीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाचे असे काही हाती लागते.

विश्वेश्वरय्यांची जडणघडण बंगळूर आणि पुणे ह्या दोन नगरांनी केली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतल्यावर म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले, आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी ह्याच इलाख्यात काढली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले ह्यांचा सहवास त्यांना लाभला, आणि सरकारी चाकरी व लोकहित ह्यांचा मेळ कसा घालावा ह्याचा वस्तुपाठ त्यांना तेथे मिळाला.

ह्या काळातील त्यांची दोन कामे विशेष पाहण्यासारखी आहेत. सिंधमधील सक्कर हे गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचे काम १८९४ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांकडे आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळून शुद्ध करण्याची खर्चिक व्यवस्था उभारण्याची नगरपालिकेची ऐपत नव्हती. पैसा नाही म्हणून गढूळ पाणीच नळातून सोडावे, हा मार्ग सोपा होता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणण्याची योजना केली. वाळूच्या थरांतून झिरपत आलेले पाणी निसर्गतःच गाळले जाऊन विहिरीत उतरू लागले. खर्च कमी झाला, पण त्या कपातीचा भार पाणी पिणाऱ्याच्या आरोग्यावर पडला नाही. काटकसर आणि हयगय ह्यांमधला फरक ह्या एका विहिरीतून स्पष्ट होतो.

दुसरे काम पुण्याजवळच्या खडकवासल्याचे. मुठा नदीवरील ह्या जुन्या दगडी धरणाच्या तलावातून पुणे शहराला व कालव्याला पाणी मिळे, आणि ते अपुरे पडू लागले होते. साठा वाढवावयाचा तर भिंत उंच करावी लागणार. पण जुनी भिंत वाढीव भार सोसण्याच्या मापाने बांधलेली नव्हती. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविण्याची युक्ती काढली. ही दारे सांडव्याच्या माथ्यावर सुमारे ८ फूट जादा पाणी अडवून धरीत; पाणी ठरावीक पातळीच्या वर चढू लागले म्हणजे ती आपोआप उघडत, आणि पूर ओसरला म्हणजे आपोआप मिटत. १९०३ साली ती बसविली गेली. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर ह्या धरणांवर हीच पद्धत अवलंबिली गेली.

ह्या दारांचे कौतुक यांत्रिक कल्पकतेसाठी पुष्कळ झाले आहे. त्यांच्यामागचा विचार मात्र त्याहून खोल आहे. आषाढातल्या काळोख्या रात्री, मुसळधार पावसात, पहारेकरी जागा असेलच ह्याची हमी नसते. दारे उचलण्याचा हुकूम वेळेवर पोहोचेलच असेही नाही. खालच्या वस्तीचा जीव अशा एखाद्या माणसाच्या जागरणावर टांगता ठेवू नये, ही जाणीव त्या रचनेतच ओतलेली आहे. इंजिनिअरची नीती त्याच्या भाषणांत शोधू नये, त्याच्या आराखड्यांत शोधावी, असे म्हणावयाचे ते ह्यासाठी.

१९०८ साली विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्ती पत्करली आणि ते युरोपच्या प्रवासाला गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबादेत मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानले जाते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, आणि १९०९ साली हैदराबादेस येऊन त्यांनी आपला अहवाल तयार केला.

अशा प्रसंगी लोकांच्या डोळ्यांना दिसेल असे काहीतरी चटकन करावे, ही राज्यकर्त्यांची स्वाभाविक ओढ असते. नदीकाठी उंच भिंत बांधली की भयभीत नागरिकांना धीर येतो. विश्वेश्वरय्यांनी आधी पावसाचे आणि पुराच्या लोंढ्याचे आकडे मांडले. वरच्या खोऱ्यात शेकडो लहानमोठे तलाव होते, आणि अतिवृष्टीत त्यांपैकी कित्येक एकामागून एक फुटले होते. म्हणजे पुराचे मूळ शहरात नव्हते, शहराच्या वर होते. म्हणून त्यांनी मुसी आणि तिची उपनदी ईसी ह्यांवर, शहराच्या वरच्या अंगाला, पुराचे पाणी थोपवून हळूहळू सोडणारे दोन जलाशय सुचविले. एकदा आलेला पूर पुन्हा येऊ शकतो, कदाचित अधिक मोठाही येऊ शकतो, हे गृहीत धरून त्यांनी माप धरले. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरे झाले. तोवर विश्वेश्वरय्या हैदराबादेतून केव्हाच निघून गेले होते. श्रेय आपल्या हयातीत, आपल्याच हातून पदरात पडावे असा हट्ट त्या योजनेत कोठेही नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर थोपविण्यासाठी बांधलेला जलाशय पावसाळ्यात काही अंशी रिकामा ठेवावा लागतो, तरच लोंढा सामावून घेण्यास त्यात जागा राहते. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र तोच काठोकाठ भरावासा वाटतो. हैदराबादचे हे दोन्ही जलाशय पुढे शहराला पिण्याचे पाणीही देऊ लागले. भरलेला तलाव सर्वांना आवडतो. रिकाम्या जागेचे महत्त्व लोकांना पटवून देणे, आणि नापसंतीचा धनी होऊनही ती जागा राखणे, हे इंजिनिअरच्या वाट्याला येणारे अवघड कर्तव्य आहे.

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनिअर झाले, आणि १९१२ ते १९१८ ह्या काळात दिवाण. कावेरीवरील कन्नंबाडीचे धरण, म्हणजेच आजचे कृष्णराजसागर, ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. १९११ साली काम सुरू झाले. परदेशी सिमेंट परवडण्याजोगे नव्हते, म्हणून चुना आणि सुरखी ह्यांच्या मिश्रणाने ती प्रचंड दगडी भिंत उभी राहिली. कोलारच्या सोन्याच्या खाणींना अखंड वीज मिळाली आणि पुढे मंड्याच्या कोरड्या शिवारात ऊस उभा राहिला. हे सारे खरे आहे. तरीही जबाबदारीच्या दृष्टीने पाहता ह्याच धरणाची कथा सर्वांत गुंतागुंतीची आहे, आणि गौरवग्रंथांत ती सहसा पुरती सांगितली जात नाही.

कावेरी म्हैसुरातून पुढे मद्रास इलाख्यात जाते आणि तंजावरच्या मुलखातील भातशेती पोसते. मद्रास सरकारने मोठ्या जलाशयाला हरकत घेतली आणि केवळ ११ अब्ज घनफूट साठ्याच्या, सुमारे ८० फूट उंचीच्या धरणाला संमती दिली. म्हैसूरने काम सुरू केले ते ८० फुटांचे. पण पाया घातला तो १२४ फुटांच्या भिंतीला पुरेल एवढा रुंद. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय चोख होता. अरुंद पायावर पुढे भिंत चढविणे म्हणजे खालच्या गावांना कायमच्या धोक्यात टाकणे. वाढ कधीतरी होणारच असेल, तर पाया प्रथमच रुंद घालणे हेच सुरक्षित. परंतु तंजावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ज्या प्रश्नाचा निकाल अद्याप लागावयाचा होता, त्याचा निकाल दगडचुन्यात अगोदरच लिहिला गेला होता. लवाद बसला, अपिले झाली, आणि अखेर १९२४ साली उभय सरकारांमध्ये करार झाला. तो वाद मात्र मिटला नाही. १९९० साली नेमलेल्या लवादाने २००७ मध्ये निवाडा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये त्यावर पुन्हा निर्णय द्यावा लागला. कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले आणि इतरही अनेक गावांना घरेदारे सोडून उठावे लागले, ही ह्याच हिशेबाची दुसरी बाजू.

ह्यावरून विश्वेश्वरय्यांना दोषी ठरविण्याचे कारण नाही, आणि त्यांना निर्दोष ठरविण्याची घाईही नको. भिंत पडू नये ही इंजिनिअरची जबाबदारी त्यांनी निर्विवादपणे पार पाडली. पण पाणी कोणाचे, बुडावयाचे कोणी आणि भिजावयाचे कोणी, ह्या प्रश्नांचे उत्तर केवळ गणिताने मिळत नाही. तेथे ज्ञानी माणसाने आपले ज्ञान सर्वांपुढे उघडे करावयाचे असते. निर्णय त्याच्या एकट्याचा नसतो. संस्थानी राज्यात चीफ इंजिनिअर आणि दिवाण ही दोन्ही पदे पाठोपाठ एकाच व्यक्तीकडे आली, तेव्हा सांगणारा आणि ठरविणारा हा भेद पुसट झाला. विश्वेश्वरय्यांसारख्या निःस्पृह पुरुषाच्या बाबतीतही तो भेद राखला जाणे इष्ट होते.

माहिती असूनही ती योग्य माणसापर्यंत वेळेवर न पोहोचणे म्हणजे काय, ह्याचे दोन दाखले जगाच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत. पहिला कॅनडातील क्वेबेक पुलाचा. २९ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट लॉरेन्स नदीवरील हा अर्धवट पूल कोसळला आणि ७५ कामगार ठार झाले. पुलाचे लोखंडी भाग वाकू लागल्याचे जागेवरील माणसांना दिसले होते. सल्लागार इंजिनिअर दूर न्यूयॉर्कमध्ये होते. नवा भार चढवू नये अशी तार त्यांनी केली, पण ती पुलावर न जाता कंपनीच्या कारखान्याकडे गेली. पुलावरचे काम चालूच राहिले. पुढे १९२५ पासून कॅनडात नव्या इंजिनिअरांना प्रतिज्ञा देऊन त्यांच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालण्याचा विधी रूढ झाला. कागदावर हात चालत असताना ती अंगठी टेबलाला लागून खणकते, आणि घेतलेल्या प्रतिज्ञेची आठवण देते.

दुसरा दाखला पुण्याचा. मुठेच्या खोऱ्यात, आंबी नदीवर बांधलेले पानशेतचे मातीचे धरण १९६१ च्या पावसाळ्यात प्रथमच भरू लागले. धरणातून पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचे काम अपुरे होते. दारे उचलण्याची यंत्रणा पुरी बसलेली नव्हती. आवश्यक तेथे सळईचे काँक्रीट वापरलेले नव्हते. पाऊस कोसळत राहिला, पाणी झपाट्याने चढले, आणि विमोचकाच्या वरचा मातीचा भराव खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून भिंत सावरण्याची शर्थ करीत होते. तिकडे धरणावर ही झुंज चाललेली असताना पुणे शहर नेहमीप्रमाणे निजले होते. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटले.

तो लोंढा आला खडकवासल्यावर, म्हणजे ज्या धरणाच्या सांडव्यासाठी विश्वेश्वरय्यांनी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी आपोआप उघडणारी दारे योजिली होती त्याच धरणावर. ती योजना मुठेच्या पुरासाठी होती. वरचे एक अख्खे धरण फुटून खाली येईल ही गोष्ट १९०३ सालच्या गणितात असणे शक्यच नव्हते. तरीही ती जुनी दगडी भिंत काही तास उभी राहिली आणि मगच ढासळली. दिवसाउजेडी मिळालेल्या त्या तासांनी असंख्य पुणेकरांना उंचावर जाण्यास अवसर दिला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो कुटुंबे बेघर झाली, आणि खडकवासला गेल्यामुळे पुरात बुडालेल्या शहराला पिण्याचे पाणी उरले नाही. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर ह्यांचा आयोग नेमला गेला. त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक ह्यांच्याकडे ते काम आले.

पानशेतच्या तांत्रिक कारणांची चर्चा पुष्कळ झाली. पण विमोचक अपुरा आहे हे ज्यांना माहीत होते त्यांचे शब्द, आणि नारायण पेठेत चूल पेटविणारी गृहिणी, ह्यांच्यामध्ये किती दालने होती? एकाने वरिष्ठाला कळवावयाचे, वरिष्ठाने त्याच्या वरिष्ठाला, आणि घबराट पसरू नये म्हणून कोणीतरी मध्येच थांबावयाचे, ही रीत कार्यालयाच्या शिस्तीला धरून असेल. पाण्याला मात्र तिचे बंधन नसते. आपले मत वरिष्ठापुढे ठेवले की जबाबदारी संपली, असे इतर सेवकाला म्हणता येईल. खालच्या वस्तीचा जीव पणाला लागला असेल तेव्हा इंजिनिअरला ते म्हणता येत नाही.

ह्या घटनेच्या वेळी विश्वेश्वरय्या बंगळूरला होते, वयाच्या शंभरीत. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले.

ह्यानंतर व्यवस्थेने काय धडा घेतला? वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुशिल्पज्ञांसाठी १९७२ चा कायदा झाला. नोंदणी, शिस्त आणि सनद काढून घेण्याचा अधिकार त्यांतून निर्माण झाला. इंजिनिअरांसाठी मात्र स्वातंत्र्यानंतरची पाऊणशे वर्षे तसा केंद्रीय कायदा झाला नाही. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ह्या संस्थेची आचारसंहिता आहे. पण ती सभासदांपुरती, आणि सभासद होणे ऐच्छिक. धरणांपुरता कायदा झाला तो २०२१ साली, पानशेतनंतर बरोबर साठ वर्षांनी. धरणांची नियमित तपासणी आणि आणीबाणीत खालच्या वस्तीला सावध करण्याची योजना त्याने बंधनकारक केली.

बंगळूरला स्वतःची मोठी नदी नाही. उंच पठारावर वसलेल्या ह्या शहराने पूर्वी एकमेकांना जोडलेल्या तलावांच्या साखळ्या बांधल्या. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी नाल्यातून खालच्या तलावात जाई. ह्या नाल्यांना तेथे राजकालुवे म्हणतात. विश्वेश्वरय्यांनी १९१७ साली ह्याच शहरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज स्थापन केले, आणि आज देशातील कोणत्याही नगरापेक्षा येथे इंजिनिअरांची गर्दी कमी नाही. त्याच शहरात सप्टेंबर १९८३ मध्ये बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली; आणि बुजलेल्या तलावांमुळे व आक्रसलेल्या नाल्यांमुळे सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्या अगदी नव्या, सुखवस्तू वसाहती पाण्यात बुडाल्या. नाल्यावर इमारतीचा नकाशा काढणारा आणि तो मंजूर करणारा, दोघांनाही पाणी उताराकडे जाते हे शाळेपासून ठाऊक असते.

धरण नसले तरी उतार असतो, आणि जेथे उतार आहे तेथे खाली कोणीतरी राहतच असते. १५ सप्टेंबरला सांगावयाची गोष्ट निवडावयाची झाली, तर मेणबत्तीऐवजी खडकवासल्याच्या दारांची सांगावी. पहारेकऱ्याला रात्री झोप लागली तरी खालच्या गावाने सकाळी सुखरूप उठावे, एवढाच हिशेब त्या दारांमागे होता.